नाहूरचा खांब आणि माझी सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही – आणि ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाला तर नाहीच. तुला सांगतेय, कारण गेल्या आठवड्यात मला एक निमंत्रण आलं आणि ते वाचून माझं डोकं फिरलं.

मुलुंडला आमच्या इंजिनिअरांच्या संस्थेची शाखा आहे. मी सिव्हिलची. बरीच वर्षं त्या शाखेची सचिव होते, आता अध्यक्ष आहे. निमंत्रण मुख्य कार्यालयातून आलं होतं, परिसंवादाचं. विषय – 'सदस्य स्वेच्छेने काम का करत नाहीत?' आणि प्रमुख वक्ता कोण? मी! दरवर्षी हेच. दरवर्षी आम्ही एसी लावून बसतो, समोसे खातो आणि नव्या लोकांना समाजाचं काही पडलेलं नाही म्हणून हळहळतो. एक माणूस उठून विचारत नाही – अरे, जे काम करत होते त्यांचं तुम्ही काय केलंत?

मला माहीत आहे काय केलं. म्हणून तर संताप होतो.

दत्ताराम परब नावाचे एक सदस्य होते. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहायचे. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडे. परबांनी डिप्लोमा केला आणि पंचवीस वर्षं साइटवर सुपरवायझरी केली. डिप्लोमावाल्यांना आमच्याकडे 'सहसदस्य' म्हणतात. सहसदस्याला मत नाही, समितीत जागा नाही. खुर्च्या मांडायला मात्र हक्काने त्याला हाक मारायची! तेव्हा मला यात काही चुकीचं वाटत होतं का? नाही. खोटं कशाला बोलू, मीही मारायची हाक.

रविवारची फेरी ही कल्पना परबांची. जुन्या बिल्डिंगमधल्या लोकांनी बोलवायचं, आपण चार-पाच जणांनी जाऊन भेगा, गळती, गंजलेल्या सळया बघायच्या आणि साध्या मराठीत सांगायचं – हे चालेल, हे चालणार नाही, इथे ताबडतोब परवानाधारक माणूस बोलवा. फुकट. आमच्या व्याख्यानांना दहा डोकी जमायची नाहीत, पण या फेरीला हळूहळू वीसेक माणसं यायला लागली. रिटायर झालेले, नुकते पास झालेले, एक गरोदर मुलगीसुद्धा यायची, हातात वही घेऊन. परब सगळ्यांसाठी घरून थर्मासमध्ये चहा आणायचे. सांगायचे, "भिंतीशी बोलू नका, घरातल्या बाईशी बोला. गळती कधी सुरू झाली ता तिकाच म्हायत असता."

त्याला म्हणतात सदस्यांचा सहभाग. परिसंवाद लागत नाही त्याला.

एका रविवारी नाहूरहून परबांचा फोन आला. चार मजली जुनी इमारत, तळमजल्याला टाइल्सचं दुकान. दुकानदाराने शटर रुंद करायला खांबाची एक बाजू तासून काढली होती. सळया उघड्या पडल्या होत्या आणि वर तुळईला भेग गेली होती. परब म्हणाले, "मॅडम, तोंडी सांगून हे ऐकणार नाहीत. लिहून देऊ का?"

मी म्हणाले, "संस्थेच्या लेटरहेडवर द्या. मी सचिव आहे, जबाबदारी माझी."

माझी. हा शब्द मी उच्चारला होता.

त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या – दुकान बंद ठेवा, खांबाशेजारी लोखंडी टेकू लावा, आठवड्याभरात पूर्ण तपासणी करून घ्या. रहिवाशांनी दुसऱ्याच दिवशी टेकू लावले. इथवर सगळं नीट होतं. पण तो दुकानदार आमच्या वार्षिक कार्यक्रमाचा प्रायोजक निघाला. स्टेजमागच्या बॅनरवर दरवर्षी त्याच्या दुकानाचं नाव असायचं. तो थेट तेव्हाच्या अध्यक्षांकडे गेला.

समितीची बैठक बोलावली. परबांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. अध्यक्षांनी ते पत्र वर धरलं आणि विचारलं, "एका डिप्लोमावाल्याने आपल्या लेटरहेडवर हे लिहायचं? कुणाच्या परवानगीने?"

परब माझ्याकडे बघत होते. तक्रारीने नाही रे – विश्वासाने! आता मॅडम बोलतील, अशा नजरेने.

आणि मी – दोन महिन्यांनी निवडणूक होती. या शाखेची पहिली बाई अध्यक्ष होणार, असं सगळे म्हणत होते. मला ते हवं होतं. फार हवं होतं. मी म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती."

बस, एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

परबांच्या फोनमध्ये त्या रविवारी मला केलेला कॉल होता. दाखवता आला असता ना? त्यांनी फोन खिशातून काढलासुद्धा नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमना माहीत नसेल तर चूक माझीच." नंतर पहिल्यांदाच, कुणाची परवानगी न घेता, बैठक सोडून निघून गेले. त्यांचं सदस्यत्व रद्द झालं. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होते.

तुला वाटलं असेल, हीच माझी कबुली. नाही. अजून आहे.

रहिवाशांना पत्र पाठवायचं होतं, की आधीचं पत्र अनधिकृत आहे, संस्था ते मागे घेते. ते कुणी लिहिलं? मी. मसुदाही माझा आणि सहीही माझी. सिव्हिल इंजिनिअर आहे मी! तासलेला खांब म्हणजे काय हे मला कळत नव्हतं? साइट बघायलासुद्धा गेले नाही. दुकानदाराने ते पत्र सगळ्यांना दाखवलं, टेकू काढले आणि शटर उघडलं.

पुढचं मला सावंतबाईंकडून कळलं. दुकानाच्या बरोब्बर वर त्यांची खोली होती आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू. संस्थेतून काढल्यावरही परब दर रविवारी तिथे एकटे जात राहिले. भेगेवर त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या होत्या – भेग हलली की काच तडकते. लोक त्यांना हाकलायचे. "तुमच्या संस्थेनेच पत्र मागे घेतलंय ना?" असं तोंडावर म्हणायचे. एका रविवारी दोन पट्ट्या तडकलेल्या दिसल्या. परबांनी सावंतबाईंसमोर अक्षरशः हात जोडले. भांडुपला भाच्याची रिकामी खोली होती, ती उघडून दिली आणि म्हातारीला खुर्चीत बसवून स्वतः जिन्यावरून खाली आणलं.

चार दिवसांनी, भर दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना तो खांब बसला. सावंतबाईंच्या खोलीची जमीन खाली आली. दुसऱ्या दिवशी बातमी होती – 'सुदैवाने जीवितहानी नाही.'

सुदैवाने! चीड येते मला त्या शब्दाची. सुदैव कसलं? भांडुपहून चालत येणारा एक माणूस होता तो.

सावंतबाई पेढे घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. "तुमच्या परबसाहेबांनी वाचवलं," म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, परबांना आम्हीच पाठवत होतो. मी ते पेढे घेतले. समितीने तर कमाल केली. परबांचं पहिलं पत्र फायलीतून बाहेर काढलं आणि जाहीर केलं, की आमच्या शाखेने आधीच इशारा दिला होता. दुसऱ्या पत्राबद्दल कुणी विचारलं नाही. दुकानदारही गप्प बसला, खांब त्यानेच तासला होता. त्या वर्षी रविवारच्या फेरीला संस्थेचा सेवा पुरस्कार मिळाला. स्टेजवर जाऊन तो मी घेतला. टाळ्या वाजल्या, हॉल भरलेला होता. फेरीतल्या वीस माणसांपैकी एकही त्यात नव्हता.

ती माणसं नंतरही आली नाहीत. त्यांना खरं काय ते कळलं होतं का? परबांनी सांगितलं नसणार. पण माणसाला वास येतोच ना.

गेल्या वर्षी भांडुप स्टेशनबाहेर परब दिसले. हातात पिशवी, पिशवीत बांगडे, केस पार पांढरे. मला बघून थांबले, हसले. "काय मॅडम, बऱ्या आहात ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. भर रस्त्यात, मासळीच्या वासात, दोन वाक्यांत. माझं तोंड उघडलं आणि त्यातून काय बाहेर पडलं, सांगू? मी म्हणाले, "परब, तुम्ही हल्ली कार्यक्रमांना का येत नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच नजर खाली वळवली – त्यांनी! जणू लाज वाटायची वेळ त्यांच्यावर आली होती. "रविवारी जमत नाही, मॅडम," एवढंच म्हणाले.

मी रिक्षा केली. आमची बैठक होती, तिला वेळेवर पोचले.