इंजिन थंड होईपर्यंत

साताऱ्याच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. माझी लहानशी, गरीब, कधी कुरकुर न करणारी गाडी मी आदल्याच दिवशी विकून टाकली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे पेशंट कोरेगाव, रहिमतपूर, अंगापूर असे विखुरलेले. कुणाला अर्धांगवायू झालेला, कुणाचा गुडघा बदललेला. त्यांना माझ्याकडे येता येत नाही, म्हणून मी जाते. अशा बाईनं दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली जुनी टर्बो पेट्रोल गाडी घ्यायला पनवेलला जावं, याला आमचे विलासराव, म्हणजे माझा नवरा, डोकं फिरणं म्हणतात.

फिरलंच होतं. मैत्रिणीच्या दिराची अशीच गाडी एकदा वाठारच्या रस्त्यावर चालवली, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी एकटीच मोठ्यानं हसले. नवी गाडी परवडणं या जन्मी शक्य नव्हतं, म्हणून ही जुनी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा दोष नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही मी बाहेर बघितलं नाही. फोनवर या गाडीचे आजार पुन्हा वाचत बसले. त्यातला टायमिंग चेनचा आजार तर दोनदा वाचला. इंजिनातली ही साखळी सैल झाली की थंड गाडी सुरू करताना पहिले काही क्षण खडखडते आणि मग गप्प होते. इंजिन गरम असेल तर काही म्हणता काही कळत नाही. आणि एखाद्या दिवशी तुटली, तर इंजिनाला रामराम. म्हणूनच मालकाला, हिरामण म्हात्रे यांना, मी फोनवर बजावून सांगितलं होतं की काका, मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका, मला थंड इंजिन सुरू करून बघायचंय. ते 'हा, हा' म्हणाले होते.

घाट उतरल्यावर कानात दडे बसले आणि अंगाला हवा चिकटायला लागली. पनवेलच्या स्टँडवर उतरून चहा घेतला, तोही अर्धा टाकला. रिक्षावाल्याला पळस्प्याच्या पुढं, शिरढोणच्या अलीकडचं गाव सांगितलं. म्हात्र्यांचं नाव काढताच त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ती काळी गाडी विकतायत का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, चांगली आहे ना? "जाम पळते," तो म्हणाला आणि पुढं एक शब्द बोलला नाही. हा माणूस काय लपवतोय, याचा विचार करण्यात माझा उरलेला रस्ता गेला. गोव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा होत्या, डोक्यावरून एक विमान नव्या विमानतळाकडे उतरत होतं आणि मला परत जावंसं वाटत होतं.

म्हात्र्यांचं घर दुमजली, गुलाबी, पुढं मोठं अंगण. अंगणात ती उभी होती. रंग थोडा उडालेला, पुढच्या बंपरला ओरखडे, पण उभं राहण्याची ऐट अशी की माझं निम्मं अवसान तिथंच गळालं. बॉनेटवर ताजं हळदकुंकू होतं, पुढच्या चाकाखाली लिंबाच्या चिरडलेल्या फोडी. हिरामणकाका पायरीवर बसले होते. साठीपुढचे, पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा. मी नमस्कार केला आणि पहिलं काय केलं असेल, तर बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला.

माझं डोकंच सणकलं. सकाळपासून मनात साचलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, काका, एवढं सांगून तुम्ही गाडी गरम करून ठेवलीत, याचा अर्थ मी काय घ्यायचा? मी साताऱ्याहून आलेय, माझी गाडी विकून आलेय.

काका उठून उभे राहिले. "देवीला नेलेली," एवढंच म्हणाले.

मी मनात म्हटलं, वा, आता देवी. मग सरळ सांगून टाकलं की मी थांबते, इंजिन थंड झाल्यावर सुरू करून बघणार, तोवर व्यवहाराची गोष्ट नको. काकांनी मान हलवली आणि चावी माझ्या हातात दिली, म्हणजे मधे कुणी सुरू करायला नको. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण चावी मी पर्समध्ये टाकलीच.

टर्बोचं इंजिन थंड व्हायला वेळ लागतो. पुढच्या खोलीत मी पाहुण्यासारखी नाही, जप्तीला आलेल्या माणसासारखी बसले. काकांच्या बायकोनं, सुगंधाताईंनी, मला एकदाही 'जेवता का' असं विचारलं नाही. सरळ पान वाढलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, जिताड्याचं कालवण (जिताडा म्हणजे खाडीच्या पाण्यात वाढणारा मोठा मासा, इकडं खारजमिनीतल्या तळ्यांतही पाळतात), आणि भाजलेल्या सुकटीची (वाळवलेल्या कोळंबीची) चटणी. काळजीनं माझी भूक मरते असं मला वाटत होतं. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

वाढता वाढता त्या बोलत होत्या. काकांचा ट्रेलरचा धंदा. बंदरातून माल घेऊन निघालेला ट्रेलर कुठंही बंद पडला की काका या गाडीनं धावायचे, कधी वापीला, कधी सोलापूरला, म्हणून एवढे किलोमीटर. आता काचबिंदूनं नजर बाजूनं विझत आलेली. डॉक्टरांनी स्टेअरिंग सोडा म्हटलं. मुलाला उंच गाडी हवी, सुनेला ही फार खाली वाटते.

मी विचारलं, मग आज देवीला कशाला? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरातून गाडी जाते ना, ती कार्ल्याला एकवीरा आईला दाखवल्याबिगर देत नाय. सून चालवत होती, हे बाजूला बसलेले. आईला सांगितलं, बाईमानूस हाय, एकटी घाट चढनार हाय, संबाल तिला."

मला फसवायला गाडी गरम केली, असं मी ज्याच्या तोंडावर बोलले होते, त्या माणसानं पहाटे उठून माझ्यासाठीच घाट चढून देवीला साकडं घातलं होतं. थंड इंजिन मागणाऱ्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न त्या घरात कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. मी खाली बघून जेवत राहिले.

उन्हं कलली तेव्हा बॉनेट गार लागलं. मी बसले, चावी लावली. काका खिडकीशी येऊन वाकले.

"वाजेल," ते म्हणाले.

"काय वाजेल?"

"चेन. जरा वेल खडखडेल, मग गप होल. मी फोनवरच सांगनार होतो. घरचे बोलले, आधी येऊ दे बाईला."

म्हणजे देवी खरी होती आणि रोगही खरा होता. मी चावी फिरवली. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज झाला, दोन श्वास टिकला आणि थांबला. त्यानंतर जो गुरगुरणारा, खोल, सावकाश आवाज सुरू झाला, त्यावर मला रागावता येईना. पण भीती वाटत होती, आणि ती मी लपवली नाही. काकांना विचारलं, घाटात तुटली तर? ते म्हणाले, घाट आज सकालीच चढून आलीये, पन शब्द देत नाय. नको असेल तर नका घेऊ, राग नाय.

शब्द देत नाही, या बोलण्यावर मी गाडी घेतली. खोटं सांगायचं असतं तर त्यांनी शब्द दिला असता. चेनचा खर्च त्यांनी आपणहून किमतीतून वजा केला. सह्या झाल्या. निघताना मी म्हटलं, काका, सकाळी मी वाटेल ते बोलले. त्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. म्हणाले, उद्या सकाली थंड गाडी चालू करताना मना फोन लावा, आवाज ऐकून सांगतो चेन किती दिवस काढेल.

जुन्या रस्त्यानं खोपोलीकडे निघाले. घाटात ट्रकच्या मागं अडकले, तापमानाच्या काट्यावरून नजर हटेना, प्रत्येक आवाजाला काळीज लक्‌कन हलत होतं. मग एका वळणानंतर रस्ता मोकळा मिळाला, मी पाय दाबला, आणि गाडी अशी उचलली की मी 'अगं बाई' म्हणाले. त्या चढावर भीती उरली नाही. खंडाळ्याला पोचल्यावर लगेच परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावच्या पेशंट आजी त्यांच्या घरी वाट बघत होत्या. विलासराव गॅलरीत हाताची घडी घालून उभे. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि चावी फिरवली. खडखड झाली, थांबली, गुरगुर सुरू झाली. पलीकडून काका म्हणाले, अजून काढेल, पन मैन्याभरात बदलून घ्या. मी बरं म्हटलं. फोन ठेवणार इतक्यात ते म्हणाले, "बंद करून परत एकदा चालू करा."

एकदा सुरू झालेल्या इंजिनात चेन वाजत नाही, त्यावरून काही कळत नाही. हे मला माहीत होतं, त्यांना तर माझ्या आधीपासून. चेन त्यांना ऐकायचीच नव्हती. मी इंजिन बंद केलं, खिडकी खाली केली, फोन बॉनेटच्या बाजूला धरला आणि पुन्हा चावी फिरवली.