सरांच्या न टिकणाऱ्या पिशव्या

प्रयोग जमले की पेपर होतो, फसले की किस्से. आमच्या परभणीच्या लॅबमध्ये पेपर एकच अन् किस्से ढीगभर!

काम सांगायला सोपं. काही रेणूंचं डोकं पाण्याकडं ओढ घेतं, शेपूट पाण्याला भितं. पाण्यात सोडले की शेपट्या आत लपवून ते आपले आपणच पडदा करतात, अन् त्याची बारीक पिशवी होते. तिच्यात औषध भरता येतं, अन् शरीरात पाहिजे तिथं ती फुटली की औषध लागू पडतं. बोंब एकच, डोक्यांवर चार्ज असतो. पाण्यात जरा क्षार आले की गुठळ्या होऊन पिशव्या गेल्या!

आमच्या कुलकर्णी सरांना कॅन्सर झाला. जायच्या आधी उन्हाळाभर टिकलेली एक तरी पिशवी बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

*

सरांची पीएचडीची विद्यार्थिनी अर्चना. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून तिनं काचेची भांडी बोअरच्या पाण्यानं विसळली. ट्यूबमध्ये पांढऱ्या गुठळ्याच गुठळ्या! पोरगी रडायलाच लागली.

सर म्हणाले, "अगं, या पाण्यानं माझे दोन गीझर खाल्ले. तुझ्या पडद्याला सोडंल व्हय?"

*

मे महिन्यात लाईट गेली की लॅबचा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. अर्चनानं ट्यूबा घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवल्या. आईनं सगळ्या मोरीत ओतल्या, वर घासून पालथ्या घातल्या!

सर चिडले नाहीत. म्हणाले, "आईला विचार, ओतताना नासलेलं होतं का चांगलं? तेवढा तरी रिझल्ट लिहू."

आईनं फोनवर सांगितलं, "नासलंच होतं की! चांगलं कोन फेकतंय?"

*

केमोला मी, त्यांचा लॅब असिस्टंट, सरांना नांदेडला नेत होतो. तिथं औषध चरबीच्या बारीक पिशव्यांतूनच देतात, हे कळल्यावर सर उठून बसले. "सिस्टर, या किती दिवस टिकतात?"

"आमी टिकू देतच न्हाई सर. आल्या की लावतो."

परतताना सर वाटभर हसत होते. मला मात्र गाडी चालवताना समोरचं नीट दिसत नव्हतं.

*

अखेर एक ट्यूब टिकली. होळीला केलेली, लॅबमध्येच राहून गेलेली, मृग लागला तरी एकसारखी दुधाळ. अर्चना अन् मी ती घेऊन गंगाखेडला सरांच्या घरी गेलो. सर अंथरुणाला खिळलेले, आवाज जवळजवळ गेलेला.

त्यांनी ट्यूब खिडकीकडं धरून पाहिली, अन् होतं नव्हतं तेवढं बळ लावून गदागदा हलवली. अर्चना हात पुढं करून धावली! पण एक गुठळी आली नाही. सरांच्या डोळ्यांना धार लागली.

सरांच्या पत्नी, आमच्या मॅडम, म्हणाल्या, "अहो, आता तरी लेकराला शाब्बास म्हणा."

सरांनी ट्यूब अर्चनाच्या हातात ठेवली अन् तिला जवळ बोलावलं.

"टिकली," ते म्हणाले. "आता ही फोडायची कशी, ते बघ."