चालू मशीनला हात

आमच्या भाऊजींना एका जागी बसवणं माझ्या बहिणीला बारा वर्षांत जमलं नाही, मला कुठून जमणार! जितेंद्र पराते, हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर. लग्नाच्या पंगतीत वरचा पंखा कुरकुरला तरी ताट सोडून उठतात.

त्यांच्या सात वर्षांच्या मयुरीच्या हृदयाला तापानंतर सूज आली. डॉक्टरांनी मानेतून दोन नळ्या घातल्या. एकीतून काळसर रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून लालभडक होऊन परत यायचं. हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम ती मशीनच करत होती. पहिल्या दिवशी भाऊजी मशीनकडे वैऱ्यासारखे बघत होते. तिसऱ्या दिवशी आवाज ऐकून म्हणाले, "बेअरिंग मस्त आहे." आत बेअरिंग असतं की नाही, देव जाणे. मला चीड आली. पोरगी निपचित पडलेली अन् हा माणूस मशीनचं कौतुक करतो! मग कळलं, त्यांना धरायला तेवढंच होतं.

सातव्या दिवशी सकाळी मशीन सांभाळणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "आज वेग कमी करून बघू. हृदय स्वतः चालतं का ते कळेल."

भाऊजी तडकले. "चालू मशीनले हात काहून लावता? चांगली चालून राहिली ना!"

"फार दिवस ठेवली तर रक्तात गुठळ्या होतात."

"अन् तेवढ्यात पोरीले काही झालं तं?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "धोका आहे. पण लगेच वेग वाढवू."

भाऊजी जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी म्हटलं, "बसा ना जी भाऊजी."

"तू चूप राय ना गा!"

शेवटी बहीणच बोलली. "जन्मभर मशीनवरच ठेवता का तिले?"

त्यांनी सही केली. आत एकालाच सोडणार होते, ते गेले. खाट आयसीयूच्या काचेला लागूनच होती. आम्ही दोघं बाहेर उभे. मशीनवरचा आकडा उतरत होता आणि भाऊजींची नजर त्यावरून हलेना. मॅडमनी त्यांचा हात धरून मयुरीच्या मनगटावर ठेवला. मशीन रक्त एकसारखं ढकलते, त्यामुळे इतके दिवस तिथे ठोका लागतच नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग भाऊजींनी उजवा हात मनगटावर तसाच ठेवून डाव्या हाताच्या बोटाने काच वाजवली. टक. टक. टक. मला काहीच कळेना. बहिणीला कळलं. तिने काचेवर तळवा टेकवला आणि लेकीचा एकेक ठोका हातावर घेत राहिली.