मोरेश्वर मास्तरांची सावरगावावर चढाई

मोरेश्वर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ब्याऐंशीच्या मे महिन्यात. पांढुर्ण्याचं डांबर असं वितळलं होतं की लोक चपला रस्त्यातच सोडून घरी जात, कावळे उडता उडता भाजून निघत. आणि हा भूगोलाचा मास्तर स्वेटर, कानटोपी घालून रेडिओपुढे बसलेला.

"ताप आहे काय?" मी विचारलं.

"फॉकलंडची थंडी समजून घेऊन राहिलो. तिकडे सैन्य कुडकुडून राहिलं, अन् आपण पंखा लावावा?"

वाऱ्याच्या अन् मेंढरांच्या त्या बेटांसाठी इंग्रज आणि अर्जेंटिनावाले लढत होते. इंग्रज बेटाच्या मागच्या अंगाला उतरले, चिखल तुडवत पायी राजधानीपर्यंत गेले आणि जूनमध्ये जिंकले. मास्तरांनी स्वेटर काढला आणि गोटमारीकडे लक्ष वळवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळस रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्यानं तो तोडून न्यायचा, पलीकडच्या सावरगावानं दगड मारून अडवायचं. मास्तरांची सासुरवाडी नेमकी सावरगावची. बारा वर्षं सासरे नत्थूजी विचारत, "काय जावईबुवा, यंदा तरी झेंड्याले हात लागला काय?" यंदा झेंडा स्वतः तोडला नाही तर सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, असं मास्तरांनी जाहीर केलं.

"समोरून जाते तो गाढव," ते म्हणाले. "आपण मागून उतरू."

सैन्य म्हणजे मी आणि चिंधू शिंपी. दूर वरच्या अंगाला नदी ओलांडली, कपाशीतला चिखल तुडवला, सावरगावात मागून शिरलो. बेत बिनचूक होता. फक्त नदीकडे जाणारी गल्ली नत्थूजींच्या दारावरून जात होती.

दारात सासूबाई, कलाबाई. "अगं माय, जावई आले!"

"मामी, आम्ही लढाईवर निघालो."

"सणाचा जावई दारावरून उपाशी जाईन? लोक काय म्हणतीन?"

नत्थूजींनी स्वतः आमच्या पायांवर पाणी घातलं. चिंधू माझ्या कानाशी लागला, "शत्रू असे पाय धुते काय?"

"गप बस बे," मास्तर पाटावर बसत कळवळले. "सासूले नाई म्हणता येते काय?"

चौथी पुरणपोळी पानात पडली आणि नदीकडून आरोळी उठली.

"झेंडा गेला वाटते," नत्थूजी म्हणाले. "तूप घ्या."

झेंडा पांढुर्ण्याच्याच पोरांनी तोडला होता. समोरून जाऊन.