शाब्लीच्या चार पेट्या

टेक्सासमधल्या प्लेनोत माझं वाइनचं दुकान आहे. गॅस स्टेशनच्या काउंटरवर उभं राहून सुरुवात केली आणि हे दुकान स्वतःच्या जोरावर घेतलं, तेव्हा भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. साताऱ्याच्या मंडईत आईबरोबर जायचे तेव्हाच ते अंगात भिनलं. आपला आकडा सांगायचा, समोरचा नाही म्हणाला की पिशवी उचलून चालू लागायचं. चार पावलं गेलं की मागून हाक येतेच, "अहो ताई, बरं, न्या!" इथे विकणारे माझ्याच दुकानात येतात, मग मी चालू लागणार कुठे? मी वही मिटते आणि मागच्या गोदामात जाते. भलेभले सेल्समन त्या दारापर्यंत येऊन मला हाका मारून गेलेत.

म्हणूनच त्या दुपारी जे झालं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षं माझ्याबरोबर दुकान बघत होती. इथेच जन्मलेली, वाइनच्या परीक्षा दिलेली. शाब्लीवर तिचा जीव. फ्रान्समधला थंड मुलूख, एकाच जातीच्या द्राक्षाची पांढरी वाइन, आणि तिच्या चार पायऱ्या. तळाला 'छोटं' शाब्ली, मग नुसतं शाब्ली, त्यावर प्रीमिए क्रू, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ग्रां क्रू. ग्रां क्रू म्हणजे गावाजवळचा एकच डोंगरउतार, त्याचे सात तुकडे. मला हे लगेच पटलं. वरच्या पायरीचा भाव वरचा, यात न कळण्यासारखं काय आहे?

तिने तिथला एक लहान बागाईतदार शोधून काढला होता. त्याचा माल थोडा, त्यात एप्रिलमध्ये हिमदव पडलं की बाग अर्धी जळते. टेक्सासमध्ये तो माल आणणारा आयातदार एक म्हातारा गृहस्थ. आपल्या वाट्याला आलेल्या पेट्या तो मोजक्याच दुकानांना वाटून देतो. मुलगी दोन वर्षं त्याला ईमेल लिहीत होती. शेवटी आम्हाला चार पेट्या कबूल झाल्या आणि तो स्वतः बाटली घेऊन आला.

मी दर बघितला आणि माझं डोकं फिरलं. बाटलीवर नुसतं शाब्ली. माझ्या शेल्फवर एका मोठ्या कंपनीचं प्रीमिए क्रू त्यापेक्षा स्वस्त होतं.

"खालच्या पायरीला वरच्यापेक्षा जास्त पैसे?" मी मराठीतच मुलीला विचारलं. "हा कोणाला बनवतोय?"

"आई, रँक जमिनीची असते. कोण बनवतं ते त्यात धरतच नाहीत. या माणसाची जमीन साधी आहे, पण ही इज ब्रिलियंट."

"लेबलवर ब्रिलियंट लिहिलंय का?"

"टेस्ट कर ना. लेबल न बघता."

तिने शेल्फवरून त्याच मोठ्या कंपनीचं ग्रां क्रू काढलं, दोन्ही बाटल्या कागदी पिशव्यांत घातल्या आणि दोन ग्लास माझ्यापुढे ठेवले. पहिला ठीक होता. दुसऱ्याने जीभ जागी झाली. लिंबू, मीठ, ओल्या दगडासारखं काहीतरी, आणि गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहिलेली चव.

"हे ग्रां क्रू," मी ठासून सांगितलं.

तिने पिशवी काढली. साधं शाब्ली होतं.

याच जिभेच्या भरवशावर मी इतकी वर्षं माल निवडला. ते ग्रां क्रू मी लोकांना प्रमोशनला, मुलांच्या ग्रॅज्युएशनला, छातीठोकपणे दिलं होतं. आयातदार सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होता, आणि त्या सभ्यपणाचाच मला जास्त राग आला.

"वाइन चांगली आहे," मी त्याला म्हणाले, "पण बाटलीवर साधंच लिहिलंय ना? मग साध्याचा भाव लावा."

"भाव सगळ्यांना हाच आहे, मॅडम."

"आई, प्लीज," मुलगी पुटपुटली. "डोन्ट."

मी वही मिटली. "राहू द्या मग. पेट्या दुसऱ्या कुणाला द्या," असं म्हणून गोदामात गेले.

बिअरच्या खोक्यांपाशी उभी राहिले. हाक आली नाही. थोड्या वेळाने पुढच्या दाराची घंटा वाजली. वाटलं, गिऱ्हाईक आलं. बाहेर येऊन बघते तर काउंटरवर दोन ग्लास, पलीकडे मुलगी, आणि पार्किंगमधून बाहेर पडणारी त्याची गाडी.

"त्याला जाऊ कसं दिलंस?"

"तू नाही म्हणालीस. त्याने ते ऐकलं."

"अगं, ते भाव करण्यातलं 'नाही' होतं!"

"असं वेगळं 'नाही' असतं, हे त्याला कसं कळणार?" तिने ग्लास उचलले. "टू इयर्स, आई. दोन वर्षं लिहीत होते मी त्याला."

"गुरुवारपर्यंत फोन करेल बघ."

त्याने केला नाही. दोन आठवड्यांनी मीच केला, तोही मुलगी दुकानात असताना, तिला दाखवायला. तो अगदी गोड बोलला. पेट्या उत्तर डॅलसमधल्या एका दुकानाला दिल्या होत्या.

"पुढच्या वर्षी तरी?"

"पुढेही तिकडेच जातील. तुमची मुलगी आता तिथे कामाला जाणार आहे ना? ती असेल तिथे ही वाइन असेल, असं मी तिला कबूल केलंय."

मला हे माहीत आहे असंच तो समजत होता. मी फोन ठेवला. दहा फुटांवर ती शेल्फवर बाटल्या लावत होती. माझा चेहरा बघून तिचा हात थांबला.

"कधी सांगणार होतीस?"

"आज. आय स्वेअर, आजच."

"ठरवलंस कधी?"

"त्याच आठवड्यात."

"इथे काय कमी पडलं तुला? अर्धं दुकान तुझ्या नावावर करते. पाटीवर नाव लावते. शाब्ली तू ठरवशील, दर तू ठरवशील. बोल."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "हे तू त्या दिवशी, तो आत यायच्या आधी बोलायला हवं होतंस."

सोमवारी ती गेली. मी अजून चिडलेली आहे. माझ्याच छताखाली उभं राहून दोन आठवडे माझ्यापासून लपवलं, हे मी विसरणार नाही, आणि तो दर जास्तच होता हे आजही म्हणते.

परवा ओळखीचे एक काका आले. लेकीच्या साखरपुड्यासाठी चांगलं शाब्ली हवं होतं. शेल्फवरच्या ग्रां क्रूकडे माझा हात गेला आणि तिथेच थांबला. मी कागदावर मुलीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. नुसतं शाब्लीच मागा, वरचं काही नको, हेही सांगितलं.

"स्वतःचं गिऱ्हाईक बाहेर पाठवताय?" काका हसले. "तुमची मुलगी म्हणजे आम्हाला भाव कमी लावेल ना?"

"नाही लावणार," मी म्हटलं.