घसा धरल्यानंतर

१९९८ च्या दिवाळीनंतर स्वप्नाचा घसा चांगला आठ दिवस धरला होता. ताप उतरला आणि नऊ वर्षांची ती पोर डोळे मिचकावू लागली. मग मानेला झटके देऊ लागली. पुढं तर घशातून पिल्लू भुंकावं तसा आवाज यायला लागला.

तिची आई अंजना कुपवाडच्या एका कारखान्यात नटबोल्ट भरायच्या कामावर होती. दमून घरी आली की तिला तेच दिसायचं.

"थांबव की ते!"

"आई, मी न्हाई करत. आपोआप हुतंय."

एकदा तिनं थोबाडीत ठेवून दिली. पोर रडली, पण रडताना मान झटकतच राहिली. अंजना हबकली.

शाळेतल्या बाईंनी 'वर्गात चाळे करते' म्हणून तिला बाहेर उभं केलं. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय. देवरुशाकडं ने."

सासू मुक्ताबाई भडकल्या. "आमी ते समदं छप्पन सालात धम्म घेतला तवाच सोडलंय."

पण अंजनाला काही सुचत नव्हतं. सासूला न सांगता ती पोरीला घेऊन गेली. देवरुशानं पोरीचं तोंड मिरचीच्या धुरावर धरलं. श्वास कोंडून ती तडफडायला लागली, तशी अंजनानं तिला ओढून घेतलं आणि पळत सुटली. झटके दुप्पट झाले.

मुक्ताबाई सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "चल, मिरजेला जाऊ."

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजवर कुणी न विचारलेलं विचारलं, "याआधी घसा दुखला होता?" रक्त तपासलं, त्यात घशातल्या जंतूंची खूण दिसली. मग म्हणाल्या, "घशातल्या जंतूंशी लढणारी शरीराची ताकद कधीकधी चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटत असावी, असं काही डॉक्टरांना वाटायला लागलंय. अजून सिद्ध झालेलं नाही."

"म्हंजी बरी हुईल?"

"घशाला औषध देते. झटक्यांचं सांगता येत नाही. पण ती मुद्दाम करत नाही."

बाहेरच्या बाकावर अंजना तोंडाला पदर लावून रडत बसली.

फेब्रुवारीत झटके जवळजवळ थांबले. अंजनानं पेढे वाटले. जूनमध्ये पुन्हा घसा धरला, आणि चौथ्या दिवशी मान झटकायला लागली. कामावर खाडा करून अंजना परत मिरजेच्या रांगेत उभी राहिली.

"आई, मोठी झाल्यावरबी असंच ऱ्हाईल का गं?" स्वप्नानं विचारलं.

अंजनानं तिचा हात धरला आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली.