सटवाचं गाव

जानेफळच्या उकंडरावांना आडनाव होतं, पण ते गावानं चिकटवलेलं : मोंगलाईवाले. त्यांचे पणजोबा सटवा निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात आले, पडीक रान मोडून त्यांनी मळा केला, तेव्हापासूनचं. ते कोणत्या गावाहून आले, कुणाचे लेक, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वांग्या-मिरच्यांना पाणी देणाऱ्या माणसाला त्याची गरजही पडली नव्हती.

ती पडली त्यांच्या लेकीच्या, कोकिळेच्या लग्नात. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. रोहिणखेडच्या वामनरावांनी आपल्या मुलासाठी कोकिळेला पसंत केलं. मुलगा शांत, शेतीत रमणारा. कोकिळेनंही आईजवळ मान हलवली होती. सुपारी फोडायच्या आधी वामनरावांनी विचारलं, "बाकी समदं ठीक हाये उकंडराव, पण तुमचं मूळ गाव कोन्तं? आमचेही वाडवडील मोंगलाईतूनच आले, म्हणून भ्या वाटते. एका कुळातले निघालो तं पोरं भाऊ-बहीण होतील."

देवक सांगावं तर पाचपालवी, ते निम्म्या जातीचं, त्यावरून कूळ ठरेना. "शोधून सांगतो," उकंडराव म्हणाले. वामनरावांचं मूळ गाव कोणतं, हे उलट विचारायचं त्या गडबडीत त्यांना सुचलं नाही.

ते बुलढाण्याला रेकॉर्डात गेले. शेषराव नावाचे कारकून मोडी वाचत. दोन-चार खेपांनंतर त्यांनी इंग्रजांच्या पहिल्या मोजणीचं बाड सोडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : सटवा वल्द नामालूम, राहणार मोंगलाई.

"वल्द नामालूम म्हणजे?"

"बापाचं नाव माहीत नाही. लिहिणाऱ्यानं विचारलं नसेल, नाहीतर यानं सांगितलं नसेल." पान उलटून शेषराव थांबले. शेजारच्याच शेतावर आणखी एक सटवा होता : सटवा वल्द राणू, देऊळझरीकर.

"हा अन् तो एकच का?"

"एकानं दोन शेतं घेतली असतील. नाहीतर दोन सटवा असतील. हे कागद तेवढंच बोलतात, उकंडराव. मोजणीच्या आधीचं इथं काहीच नाही."

देऊळझरी जुन्या हद्दीच्या पल्याड, औरंगाबाद जिल्ह्यात. उकंडराव एसटीनं गेले, पुढं पायी गेले. राणूचा वंश विचारल्यावर लोकांनी त्यांना अर्जुनरावांच्या दारात नेऊन उभं केलं. अर्जुनराव सत्तरी उलटलेले, डोळ्यांनी अधू. सटवाचं नाव ऐकताच ते बाजेवरून उठले.

"राणूचा धाकला ल्योक. भावाशी भांडून नदीपल्याड गेला, तो आलाच न्हाई. बारा वर्सं वाट बघून घरच्यांनी त्याचं दिवस घातलं. एका पायानं लंगडायचा म्हणत्यात. तुमचा सटवा लंगडायचा का?"

हे सांगू शकणारं माणूस आता जगात उरलं नव्हतं.

अर्जुनरावांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी उकंडरावांना पोटाशी धरलं. सुना डोईवर पदर घेऊन पाया पडल्या. पुरणाचा स्वयंपाक झाला. "मेला म्हणून ज्याला पानी दिलं, त्याचा वंश दारी आला," म्हणत म्हातारा डोळे पुसत राहिला. जेवता जेवता उकंडरावांना भरून आलं. आपल्या घराण्याबद्दल असं कुणी बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग अर्जुनराव सहज म्हणाले, "आपली भावकी लई पांगली बघा. एक शाखा तुमच्याच जिल्ह्यात हाय. रोहिणखेडला. वामनराव म्हनून हायेत."

उकंडरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, सत्यभामाबाईंना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पक्कं कुठं हाये? दोन सटवा असतीन. तुमी सांगूच नका."

"मी त्या घरी जेवलो ना. वामनरावले आज ना उद्या समजनच. मंग पोरीनं कुठं तोंड दाखवावं?"

ते रोहिणखेडला गेले. वामनरावांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि हात जोडले. "तुमची चूक नाही. पण संशयावर लगन लागत नाही."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा कोकिळा चुलीपुढं बसून ऐकत होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या सटवाले शोधाले जाचंच कायले होतं, बाबा?" न शोधता सुपारी फुटत नव्हती, आणि शोधलं तर सोयरीक मोडली; हे उकंडरावांनी पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढल्या वर्षी तिला वरवट बकालला दिली. त्या लोकांनी मूळ गाव विचारलंच नाही. लग्नाला अर्जुनराव नातवाचा हात धरून आले, भावकीचा आहेर घेऊन. कुणीतरी विचारलं, "हे कोण हो?" नव्या व्याह्यांपुढं पुन्हा कुळाची गोष्ट निघू नये म्हणून उकंडराव म्हणाले, "पाव्हणे हायेत, तिकडले." म्हाताऱ्यानं ते ऐकलं. तो लुगडं मांडवात ठेवून, जेवून, दुपारच्या गाडीनं निघून गेला.

दोनेक वर्षांनी देऊळझरीहून अर्जुनराव गेल्याचा सांगावा आला. भावकीत सुतक असतं, डोई करावी लागते, केस उतरवावे लागतात. सत्यभामाबाईंनी न्हाव्याला बोलावणं धाडलं. तो धोपटी उघडून अंगणात बसला.

उकंडराव त्याच्यापुढं बसले, आणि पागोटं काढायला गेलेला हात तिथंच थांबला. डोई केली, तर पोरीच्या सासरपर्यंत बोभाटा होईल. न करावी, तर ज्यानं पोटाशी धरलं त्याला परका म्हणावं लागेल. आणि तो खरंच आपला होता की नाही, हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

"काय करू, मालक?" न्हाव्यानं विचारलं.

"जा तू," ते म्हणाले. मग विहिरीवर जाऊन त्यांनी डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं. त्या दिवशी ते मळ्यात गेले नाहीत, घरातही आले नाहीत. ओल्या धोतरानं ओट्यावर बसून राहिले.